मानेखालची भेग

अस्मित रामटेके सांगून राहिला,
लॅपटॉप माझ्या ऐरणीवर ठेवून:
काका, पिस्टन नवा, कार्ब्युरेटर नवा,
पुढचे शॉकअप परदेशी,
अन् सांगाडा वीस वर्षांपूर्वीचा.
नवी मापं निघतात ती फोर-स्ट्रोकवाल्यांसाठी,
टू-स्ट्रोकच्या वाट्याला फक्त रंग,
कधी निळा, कधी पांढरा.

मी हाव म्हटलं.
मी सगळ्यांनाच आधी हाव म्हणतो,
मग गॉगल चढवतो.

मे महिना. कामठी रोड. दुपारचे अडीच.
पत्र्याखाली कूलर नुसता ओला आवाज करतो.
याच जागी बाप लोखंडी पलंग बनवायचा.
म्हणायचा, पलंग थोडा करकरला पाहिजे,
न करकरणारा पलंग झोपणाऱ्याची पाठ मोडतो.
गिऱ्हाईकं हसायची, भलत्याच अर्थानं.

गाडी तेजल उईकेची, एकशे पंचवीस सीसी.
हिंगण्याच्या मागं, बंद पडलेल्या मुरमाच्या खदानीत
ती उडवते तेव्हा वाटतं
पत्र्याच्या डब्यात कोणी गांधीलमाश्या कोंडल्यात.
मागं जळल्या तेलाचा निळा धूर,
अन् आम्ही दोघं शहाणे त्यात नाक घालून उभे.

टू-स्ट्रोकचं असं आहे:
खाली काही नाही, काही नाही, काही नाही,
मग एकदम सगळं.
त्याच्या जिन्याला मधली पायरीच नाही.
त्या एकदमचं सांगाड्यानं काय करायचं?
अडवायचं, की वाकून पुढं जाऊ द्यायचं?

पहिली भेग मानेखाली, केसाएवढी. भरली.
दुसरी तिथंच.
मी पत्ती जोडली, तिकोनी, तीन मिलीमीटरची,
असा टाका मारला की वर सही करायची तेवढी बाकी.
तिसऱ्या वेळी पत्ती शाबूत.
नळी तुटली पत्तीच्या शेजारी, बोटभर अंतरावर,
जिथं मी हातही लावला नव्हता.

तेजल आली मनगट बांधून.
पत्ती लावल्यापासून गाडी बोलत नाही काका, म्हणाली.
पहिले ढेकूळ आलं की मांडीला सांगायची,
आता थेट दातांना सांगते.

अस्मितनं पडदा तिच्याकडं वळवला:
ॲल्युमिनियमचा सांगाडा, चारही बाजूंनी इंजिनाला कवटाळलेला,
लाल म्हणजे ताण, निळं म्हणजे निवांत,
अन् सगळं कसं निळंशार.
ती बराच वेळ पाहत राहिली.
यात माझं वजन किती धरलं बे?
पंच्याहत्तर, तो म्हणाला. सगळे तेवढंच धरतात.

ती अठ्ठेचाळीस किलोची आहे, बूट घालून.

कूलरशिवाय कोणी बोललं नाही.
नवा पाहिजे, हे खरंच.
पण पंच्याहत्तर किलोच्या कोण्या गैरहजर माणसासाठी नव्हे.

अंधार पडल्यावर हॅलोजन लावला.
तेजलला ऑइलच्या दोन डब्यांवर उभं केलं,
गुडघे वाकवून, हात हवेतल्या हँडलवर.
अस्मितनं तिचे बूट घट्ट धरले,
अन् मी फरशीवरच्या सावलीच्या कडेनं खडू ओढत गेलो:
मान जराशी आत, खालची नळी बारीक,
पायाचे पेग अंगठाभर मागं.
मानेखाली रेघ सोडून दिली.

इथं काय येईल? अस्मितनं विचारलं.
इथं करकरू दे, मी म्हणालो,
अन् माझा आवाज मलाच बापासारखा वाटला.

शटर ओढताना पाहिलं,
कूलरचं पाणी ओघळत येऊन
मागचं चाक पुसून गेलं होतं.
पुढचं राहिलं, मानेसकट.
सकाळी गड्डीगोदामातून नळ्या आणायच्या,
अन् तिला परत उभं करायचं त्याच डब्यांवर.