अस्तर

भिंगरीला रिक्षातून आणलं तेव्हा ती
गोधडीत गुंडाळलेली, डोळे उघडेच,
पण डोळ्यांत कुणी नव्हतं.
जीभ एका बाजूनं लोंबत होती,
डाव्या कानाला कातरल्याची नवी खूण.
डॉक्टर क्षीरसागर म्हणाले, शुद्धीवर येईस्तोवर पाणी नको,
गार फरशी नको. मग बोटांवर मोजत:
दहा दिवस उडी नाही, जिना नाही, अंघोळ नाही,
टाक्यांना जीभ लागू द्यायची नाही.
गळ्यात घालायचं ते प्लॅस्टिकचं नरसाळं
केजात मिळत नाही. अंबाजोगाईला बघा, नाहीतर लातूरला.

मी कुठं लातूरला जाणार.
माझं दुकान बसस्टँडच्या मागं, आठ बाय दहा,
पाटीवर लेडीज टेलर, त्यातला 'ज' कधीचा पडलेला.
भिंगरी चार वर्षं मशीनच्या पायाशी झोपते.
वर्षातून दोनदा पिल्लं.
मागच्या खेपेला सहा, त्यातलं एक उरलं,
तेही धारूरच्या ट्रकवाल्यानं नेलं.

तर टेप काढला.
बायांची मापं घेण्यात पंचवीस वर्षं गेली,
चार पायांचं माप पहिल्यांदाच:
छाती एकवीस, पोट सतरा,
मानेपासून शेपटीपर्यंत बावीस.
कुणाच्या तरी लग्नातल्या ब्लाउजचं
आमसुली अस्तर उरलं होतं, तेच बेतलं.
पुढं दोन भोकं, मागं दोन, पाठीवर नाड्या.
शिवण बाहेरून ठेवली.
आतून कुठं टोचायला नको.

सोजरमावशी दुपारी काज-बटण करायला येते.
वीस हंगाम ऊस तोडलेली बाई,
बसली की आधी कमरेला हात.
मी नाड्या बांधणार तेवढ्यात म्हणाली, थांब.
वाकून बघितलं.
भादरलेलं गुलाबी पोट, पिवळं औषध,
मधोमध काळ्या दोऱ्याची गाठीगाठीची ओळ.
मी आपली शिवणारणीच्या नजरेनं बघत होते,
हात चांगला आहे, टाका सारखा आहे.
मावशीनं बोट न लावता मोजले.
"सात," म्हणाली.
मग सुईत दोरा ओवत, खाली बघूनच,
"मपले बारा व्हते."

सोजरची पिशवी काढली, हे गल्लीला माहीत होतं.
अठ्ठाविसाव्या वर्षी, हंगामाच्या तोंडावर.
टाके किती, हे कुणी विचारलं नव्हतं.
मीसुद्धा.

"डॉक्टर काय म्हणला हिला?"
"दहा दिवस उडी नको, जिना नको. ओझं नको."
ओझं मी माझ्या मनानंच घातलं.
कुत्रीला कसलं ओझं.
मावशीनं दोरा दातानं तोडला.
"आठव्या दिशी मोळी व्हती मपल्या डोक्यावर.
मुकादम म्हणला, खाडा पडंल."
आणि पुढचं काज धरलं.

त्या रात्री ती घरी गेलीच नाही.
गोळी अंड्यात दडवली तर भिंगरीनं अंडं खाल्लं
आणि गोळी फरशीवर ठेवली, स्वच्छ चाटून.
मावशीनं ती भाकरीच्या काल्यात चुरली, वर दूध,
आणि वाटी पुढं सरकवून तोंड फिरवून बसली.
"बघू नये तिच्याकडं. मग खाती."
खाल्लं.
दोन वाजता भिंगरी कण्हायला लागली,
उठायला बघू लागली, दाराकडं.
मी लाइट लावणार तर मावशी चिंध्यांच्या ढिगावर
तिच्या कुशीला लागून आडवी झालेली,
अस्तरावर हात, दाबून नाही, नुसता.
"पड गुमान," म्हणत होती.
"कोन बोलवाया येत न्हाई तुला.
पड."

सातव्या दिवशी भरदुपारी
दोघी झोपलेल्या होत्या.
मावशीला दिवसा झोपलेलं मी कधी पाहिलं नव्हतं,
तोंड जरा उघडं, पाय लांब सोडलेले.
गिऱ्हाईक आलं, काज झाले का म्हणून.
मी मशीन बंद केलं.
म्हटलं, हळू बोला.
उद्या या.

अकराव्या दिवशी टाके कापले.
दुकानात शिरायच्या आधीच भिंगरी
नालीवरून उडी मारून डुकरामागं सुटली,
आणि मावशी ओरडली, अगं हळू, अगं रांडं, हळू!
सगळा बसस्टँड वळून बघायला लागला.
ती हसली. कमरेवरचा हात तिथंच होता.