अर्धा आंबा

मोंडच्या दवाखान्यात तिरोडकर सिस्टरनी
केसपेपरच्या कडेला पेननं आंबा काढला,
मधोमध रेघ मारली,
म्हणाल्या, एवढाच. दिवसाला.
रस नको, फोड खायची,
जेवणावर नाही, मधल्या वेळी, चार शेंगदाण्यांसोबत.
हर्षाली हसली. मी नाही हसलो.
ऐन वैशाखात, सातव्या महिन्यात, साखर निघाली होती,
आणि मी दिवसाला दोनशे पेट्या भरणारा माणूस.

कापून ठेवलेलं बाजारातलं कलिंगड नको.
फळ वाहत्या पाण्याखाली धुवा.
कुठल्या वाहत्या?
आमच्या विहिरीत कमरेएवढं पाणी, तेही सकाळचं;
नळ आहे, त्यावर कावळा बसतो.

आई म्हणते, पपय खाव नको गो,
अननसाचा तर नाव पण काढू नको.
कच्ची नको, हे सिस्टरही म्हणाल्या,
पिकलेलीवर दोघींचं जमेना.
हर्षालीनं दोघींचं मन राखलं,
मूठभर करवंदं खाल्ली,
आणि ओठ चिकट झाले म्हणून दिवसभर रुसली.

यार्डात मी बघतो
कुठल्या पेटीत कागदाखाली पुडी सरकते.
त्या पेटीला लसणीसारखा वास,
आंबा वरून पिवळाधमक, कोयीशी आंबट.
त्याही पेट्या मीच ट्रकात चढवतो.
तिकडेही कुणाचा सातवा महिना असेल,
हे माझ्या लक्षात राहतं
ट्रकचं फाळकं लावेपर्यंत.

घरासाठी वेगळी आढी. खाटेखाली,
भाताच्या पेंढ्यात बारा आंबे.
रोज रात्री ओणवा होऊन
नाकानं मोजतो.

सकाळी दहाला ती पडवीच्या कडेला बसते,
पोट सांभाळत, गुडघे फाकून.
मी वरून तांब्यानं धार धरतो,
बारीक, न तुटणारी.
ती आंबा फिरवते, देठाचा चीक अंगठ्यानं घासते.
हेच आमचं वाहतं पाणी.
खाली घमेलं. ते मग अळवाला.

सुरी धुतली, हात धुतले,
मग ती रेघ.
एक बाजू तिची. दुसरी आईची.
कोय मला.
ती मी मांगराच्या मागे जाऊन चोखतो,
तिला दिसू नये म्हणून.
तिला ऐकू येतं.

गुरुवारी पुन्हा बोटाला सुई.
काल रात्री अंधारात म्हणाली,
परवा आईंच्या ताटलीतली एक फोड मी खाल्ली.
मी गप्प. खाटेखालून वास येत होता,
पेंढ्यात अजून सात.
मग म्हणाली, हात दे, लाथ मारतंय.

हात ठेवला. पारख असलेला हात आहे,
दाबायचं नसतं, नुसतं टेकवायचं,
आंब्याचं लगेच कळतं किती दिवस राहिलेत.
ह्याचं नाही कळलं.
तिथंच ठेवून झोपलो.