गटात न बसणारे

कप, बशी, चमचा, बूट.
एका कार्डावर चार चित्रं, माझ्या हातात सेकंदकाट्याचं घड्याळ.
बाहेर बाकावर वस्तीतून चालत आलेल्या आया,
बुटांना ओढ्याकाठचा चिखल,
आणि समोर अरांका झिगोवा, वय सहा,
पाय जमिनीपासून वीतभर वर.

"यातलं गटात न बसणारं कोणतं?"
मी विचारलं माझ्या स्वच्छ, शहरी स्लोव्हाकमध्ये.
ती रोमानी बोलणारी. प्रश्न तिच्यापर्यंत
पोचता पोचता निम्मा सांडला असणार.
तिनं बोट फिरवलं चित्रांवरून,
तव्याची धग बघावी तसं, न टेकवता,
आणि टेकवलं
बशीवर.

"का गं?" याला तक्त्यात रकाना नव्हता.
तरी विचारलं. दुपार लांबली होती म्हणून.
मायेनं नव्हे, हे इथेच सांगून टाकते.
ती म्हणाली,
"बाकीचं सगळं आमच्याकडे आहे."

मी फुली मारली.

त्या वसंतात एकोणीस मुलं तपासली मी.
सतरा गेली मागच्या इमारतीत,
बॉयलरच्या खोलीला लागून, जिथल्या खिडकीतून
कोळशाचा ढीग दिसायचा
आणि चौथी संपली तरी
आकडे विसाच्या पुढे जात नसत.
पुढच्या इमारतीत पियानो होता.
जेवायला आधी पुढचे, मग मागचे;
सूप तेच, फक्त निवलेलं.
याला पंक्तिप्रपंच म्हणतात.
आम्ही म्हणायचो, विशेष लक्ष.
सतरा कागदांवर माझी सही आहे.
अक्षर वळणदार आहे माझं, सगळे म्हणतात.

मग पुष्कळ वर्षं. नवरा गेला, गुडघे गेले,
चाचणीचं नाव दोनदा बदललं.

परवा प्रेशोवच्या बाजारात
एक बाई अळंबी विकत होती.
साडेतीनशे ग्रॅम, किलोला आठ युरो.
काटा थांबायच्या आत म्हणाली, "दोन ऐंशी."
मी पाचाची नोट दिली, दोन वीस परत आले,
आणि पिशवीत भरता भरता तिचं बोट
फिरलं अळंब्यांवरून, न टेकवता,
आणि एक उचलून तिनं मागे फेकलं.
मला ते सगळ्यांसारखंच दिसत होतं.
"विषारी नाही," म्हणाली, "पण पोटात दुखतं."

बोट ओळखलं मी. चेहरा नसता ओळखला.

शेजारी पालथ्या खोक्यावर तिची मुलगी,
समोरचे दोन दात पडलेले.
गिऱ्हाईक नसलं की आई विचारायची,
माझ्याच भाषेत, जवळजवळ माझ्याच सुरात:
"कप, बशी, चमचा, बूट?"
"बूट."
"लवकर म्हण. त्यांच्या हातात घड्याळ असतं."
"बूट. पण का, आई?"
"त्यांना तसं लागतं."
"पण का?"

आईनं वर पाहिलं, माझ्याकडे.
ओळखून की नुसतंच, मला सांगता येणार नाही.
दर उत्तराला दहा सेकंद असत.
मी पिशवी धरून त्याहून पुष्कळ जास्त वेळ उभी होते
आणि मग म्हणाले, "ताजी आहेत ना?"
ताजी होती.

घरी येऊन चहा टाकला.
कपाटात सहा बश्या आहेत, लग्नातल्या,
सोनेरी काठाच्या, एकात एक.
कितीतरी वर्षांत त्यांना हात लागलेला नाही.
मी कप सरळ टेबलावरच ठेवते;
लाकडावर गोल डाग पडलेत, एकावर एक,
किती ते कुणी मोजलेले नाहीत.