दूरचं सर्वनाम

चार वर्षांच्यांना मी सफरचंद देते.
आमच्याकडे अल्मा, इंग्रजीत ॲपल.
तेमिरलान म्हणतो, दोन्ही खाऊन बघू.
बघतो. इंग्रजी जास्त आंबट आहे, एजे.
नारिनच्या या शाळेत
कोळसा नीट पेटेपर्यंत एवढंच शिकवून होतं.

सात वर्षांच्यांना तो थ,
जिभेचं टोक दातांत धरून सोडायचा, नुसत्या वाऱ्याचा.
मला कॉलेजात आरशापुढे वर्ष लागलं.
बेगायिमचे पुढचे दोन दात पडलेत,
तिला आपोआप येतो.
वर्गभर थँक्यू वाटत फिरते, खडूलासुद्धा.
नवे दात आल्यावरचं मी बोलत नाही.

दहा वर्षांच्यांना निबंध, माझी आई.
एल्दियार लिहितो:
माय मदर इज इन मॉस्को. ही वॉशेस प्लेट्स.
ही हॅज रेड हँड्स. ही कम्स इन समर.
मी लाल पेनाचं टोपण काढते.
ही नाही रे, शी.

चूक त्याची नाही.
आमच्या भाषेत सगळ्यांना एकच शब्द, अल.
स्त्री की पुरुष, तो विचारत नाही.
इथून लांब आहे, इतकंच सांगतो.

एल्दियार खोडरबर घेत नाही.
प्रत्येक ही-च्या आधी एक एस घुसवतो,
जागा नाही तिथे उभा, चिमटून.
शेवटच्या ओळीवर थांबतो.
मागचा उन्हाळा मलाही आठवतो, त्यालाही.

एजे, हे कम्स
राहू दे ना?

मी टोपण लावते.
व्याकरणाने बरोबर आहे, म्हणते.