नऊ एकर चौदा गुंठे

एकतीस वर्षं मी तळी उतरून काढली.
सर्व्हे नंबर, चतुःसीमा, क्षेत्र, शेरा,
कन्नडात, निळ्या शाईनं, कार्बन घालून दोन प्रती.
एकाही तळ्यात पाय बुडवला नव्हता.

निवृत्तीला शाल मिळाली, नारळ, कुंद्याचा डबा.
मी घरी आणली एक यादी:
बेळगाव, खानापूर, हुक्केरी, गोकाक मिळून
एकवीस केरे.
ठरवलं, दर गुरुवारी एक.
भाऊजी म्हणाले, देवदर्शनाला तरी जा.

पहिली केरे सापडलीच नाही.
कंडक्टरनं उतरवलं तिथं कमान,
कमानीवर देवीचं नाव, आत प्लॉट.
एक बाई गॅलरीत चादर पिळत होती.
"इथं तळं होतं ना?"
"पावसाळ्यात या की. हॉलमध्ये येतंय."

दुसऱ्यात पाणी होतं, पण म्हशींपुरतंच.
एकीच्या पाठीवर गायबगळा,
जीपमधून न उतरता
पाहणी उरकणाऱ्या साहेबासारखा.
मी ओळखलं त्याला. अशा तिघांच्या हाताखाली होते मी.

चौथी, सातवी, अकरावी
यांचं काय सांगू. एकीत जलपर्णी,
एकीवर बसस्टँड,
एक इतकी सुंदर की तिथं मी डबाच उघडला नाही.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी धुपदाळला गेले.
घटप्रभा स्टेशन, तिथून रिक्षा, मग बंधाऱ्यावरून चालत.
वॉचर अडिवेप्पा. त्याचा एक डोळा पाण्याला लागलेला,
दुसरा माझ्या चपलांना.
त्याच्या दुर्बिणीचा पट्टा म्हणजे बैलाच्या वेसणीची दोरी.

तो म्हणाला, कोक्करे.
मी पुस्तक काढलं: बगळा? करकोचा? चित्रबलाक?
तिन्हींवर त्यानं मान डोलावली.
मग मी एकाकडं बोट केलं,
चोच काळी, टोकाला पिवळा ठिपका, मुळाशी लाल.
"बातुकोळी," तो म्हणाला.
"आमच्यात ह्याला हळदीकुंकू म्हणतात."
"अरिशिन-कुंकुम?"
त्यानं दुर्बीण माझ्या हातातून काढून घेतली
आणि बराच वेळ दिली नाही.
बावीस वर्षं रोज मोजतो म्हणाला, एकदाही
चोचीकडं असं बघितलं नव्हतं.

मला सहा वर्षांत कुणी हळदीकुंकवाला बोलावलेलं नाही.
आदल्या दिवशीसुद्धा गल्लीत वाणं वाटली गेली,
आमचं दार सोडून.
इथं आठ-दहा जणी, नर की मादी तेही कळेना,
बोलावणं न धाडता समोर येऊन बसल्या.
मी अडिवेप्पाला तिळगूळ दिला.
त्यानं आपल्याकडचे एळ्ळु-बेल्ल माझ्या मुठीत ठेवले,
कागदाच्या पुडीत. कागद गणतीच्या वहीचा होता.

शेवटचं नाव मी मुद्दाम मागं ठेवलं होतं.
भाद्रपद. सगळीकडं भात.
नऊ एकर चौदा गुंठे.
मूळ नोंदीत चौतीस होते.
कार्बन फिका, दुपारची वेळ, घरी सासूबाई आजारी.
तीनाचा एक झाला.
कळलं तेव्हा सही होऊन गेली होती,
आणि खोडाखोड चालत नाही आमच्यात.

तळं होतं. भरलेलं होतं.
बांधाच्या अल्याड पाणी, पल्याड भात,
भातातही पाणीच,
आणि एक कमळपक्षी, लांब शेपटीचा,
पानावरून रोपावर, रोपावरून पानावर,
मधल्या बांधाला न विचारता.

घोट्याएवढ्या चिखलातून एक माणूस वर आला.
"कोण पाहिजे, बाई?"
"कुणी नाही. तुमचं रान कुठपर्यंत?"
विळ्याच्या टोकानं त्यानं दाखवलं:
"त्या दगडापर्यंत. कागद हाईत की आमच्याकडं."

हो. असतील.
अक्षर कसं आहे, विचारणार होते.
मी चपला काढून हातात घेतल्या.