पाठीला पाठ

एनेझ गोर बेटावरचा मनोरा, दोनशे अकरा पायऱ्या.
चढताना मोजल्या. उतरताना दोनशे दहाच भरल्या.
"एक नेहमी चुकते," आझेनोर म्हणाली,
"बाबा तिला समुद्राची पायरी म्हणायचे."
ती खालीच बसली होती गुडघा चोळत,
माझ्या फितीचं टोक अंगठ्याखाली दाबून.

नोंद: पाया गोल, बाहेरून नऊ मीटर दहा.
चिरे ग्रॅनाइटचे, खाचेत खाच घालून बसवलेले,
वरचा खालच्याच्या कुशीत, शेजारचा शेजारच्याच्या काखेत;
चुना नावापुरता.
लाट आदळली की भिंत उगाच छाती काढत नाही,
किंचित हलते, परत जागेवर येते.
वर एकेकाळी पारा होता हौदात,
त्यावर तरंगायचं दोन टनांचं भिंग,
पोरीनं बोटानं ढकललं तरी फिरायचं.
आता मुठीएवढा दिवा. त्याला राखण लागत नाही.

पहाऱ्याच्या खोलीत भिंतीवर एक उजळ चौकोन.
इथे फडताळ होतं,
फुटक्या जहाजाच्या फळ्यांचं, पाठीला बाक दिलेलं,
ह्या भिंतीसाठी, जगातल्या दुसऱ्या कुठल्याच नाही.
बत्ती आपोआप लागायला लागली त्या वर्षी
रिवालेननं ते पाठीवर बांधून उतरवलं,
होडीत घातलं, गावातल्या सरळ घरात
सरळ भिंतीला लावलं.
मधोमध टेकतं. दोन्ही कडांना फट.
एका फटीत छत्र्या. दुसरीत मांजर व्यायची,
दर वर्षी तीच फट.

मनोऱ्याखाली राखणदारांची दोन घरं,
पाठीला पाठ लावून आलेल्या बहिणींसारखी.
एक दार उगवतीला, एक मावळतीला,
मध्ये एकच भिंत, हातभर जाड,
चुली दोन, धुराडं एक.
खिडक्या सगळ्या अंगणाकडे, समुद्राकडे एकही नाही.
नकाशा काढणाऱ्याला कळत असावं:
रात्रभर त्याच्याकडे बघून आलेल्या माणसाला
झोपताना तो नको असतो.
किंवा काच महाग असेल. कागद काही सांगत नाहीत.

उगवतीला रिवालेन, मावळतीला तुग्दुआल.
अकरा वर्षं बोलले नाहीत.
कारण एक बकरी आणि कोबीचे सात गड्डे.
पहारा बदलायचा तो वहीतून:
वारा वायव्य. वात कापली. तेल पुरेल.
खाली दुसऱ्या अक्षरात: वाचलं.

हे आझेनोर शंभरदा सांगून झालेलं सांगते
उगवतीच्या घरातून, मोठ्यानं,
तोवर मी मावळतीच्या चुलीत वाकलेली,
काजळी खरवडत,
आणि एक वीट हातात येते.
चुना न लावलेली.
तिच्यामागे आणखी एक. तिच्यामागे
पलीकडच्या चुलीतला उजेड
आणि आझेनोरचा बूट.

मी मोजते. रुंदी वीतभर, उंची त्याहून कमी.
पंजा जाईल, वाडगा जाईल,
पाव जाणार नाही, कापल्याशिवाय.
कडा गुळगुळीत झाल्या आहेत.

बराच वेळ पलीकडून काही येत नाही.
मग आवाज येतो, घशातून आल्यासारखा:
"आई माशाला लसूण लावायची नाही कधी.
पण काही शुक्रवारी लसणीचा मासा असायचा.
निळ्या काठाच्या वाडग्यात. तो वाडगा आमचा नव्हता.
बाबा पुसून खायचे,
मग स्वतः धुवायचे तो,
आणि चुलीपाशी पालथा घालायचे."

नकाशावर मी पेन्सिल टेकवते.
इथे भिंत सलग आहे, काळी, भरीव,
एकशे चाळीस वर्षांपूर्वीच्या शाईत.
माझ्याकडे रकाने आहेत: झरोका, निचरा, पडझड.
भोकातून आझेनोरचा हात येतो,
अंगठी काजळीत अडते, सुटते.
"फीत दे," ती म्हणते,
"इकडूनही मोजू."