बोलण्याची पातळी

कोक-ताश सरोवराच्या काठी खांबावर एक डबा आहे.
आत चिप, बत्तीस किलोबाइट जागा,
माझ्या लग्नाचा एक फोटोही मावणार नाही एवढी.
पाणी चढलं की खालच्या गावाला सांगायचं,
एरवी मूग गिळून बसायचं,
हे त्याचं काम.

त्याला बोलायला मी शिकवलं, बिश्केकमध्ये,
तिसऱ्या मजल्यावर, हीटर बिघडलेला असताना.
शून्य म्हणजे अळीमिळी गुपचिळी.
एक म्हणजे फक्त चूक.
दोन, इशारेही.
तीन, उठलो, मोजलं, झोपलो.
चार म्हणजे मनात येईल ते.
हेडर फाइलमध्ये एकच आकडा,
तो उतरवला की मॅक्रो आपापली वाक्यं गिळतात
कंपायलरला वास लागायच्या आत.
पुसलेली नसतात ती.
चिपला पत्ताच नसतो
की तिच्या तोंडी इतके शब्द घातले होते कुणी.

टेबलावर पातळी चार.
डबा शाळेतून आलेल्या पोरासारखा:
जागा झालो, सेन्सरला वीज दिली, पाणी दोनशे चौदा,
पुन्हा जागा झालो.
तीन आठवडे मी ते ऐकत चहा प्यायले.
एक चूक नाही.
दामिरा म्हणाली, आता बास,
हिवाळ्यात पॅनेलवर बर्फ बसतं,
एकेक अक्षर बॅटरी खातं.
डोंगरावर पातळी एक.

आणि डोंगरावर तिसऱ्या रात्री त्यानं तोंड उघडलं:
चूक. पाणी शून्य.

सरोवर रिकामं, याचा अर्थ गावात सगळ्यांना कळतो.
ते गेलं कुठे असेल तर खाली.
बायका पोरांना गोधड्यांत गुंडाळून चढावर धावल्या,
मेंढ्या मागे राहिल्या,
आणि सत्तरीचा एसेनकुल, सरोवराचा राखणदार,
टॉर्च घेऊन उलट, वर गेला.
पाणी होतं तिथेच.
काठाला बर्फाचे तुकडे टकटक करत होते.

मी डबा परत आणला. टेबलावर पातळी चार.
पाणी दोनशे अकरा, दोनशे अकरा, दोनशे अकरा.
ताकास तूर लागू देईना.
आठ दिवस.
नवव्या दिवशी कळलं:
"सेन्सरला वीज दिली" एवढं म्हणायला
त्याला अठरा मिलिसेकंद लागत,
आणि सेन्सरला डोळे चोळून उठायला बारा.
बोलणं बंद केलं तेव्हा
थांबणंही बंद झालं होतं.
माझ्या बडबडीच्या आडोशाला
माझीच चूक सुखानं झोपली होती.

एक ओळ घातली: वीस मिलिसेकंद थांब.
शेजारी कारण लिहिलं, माझ्या नावासकट.

डबा बसवायला मीच गेले. गावात कुणी रागावलं नाही,
ते जास्त लागलं.
एसेनकुलनं कुरुतच्या गोळ्या पुढे केल्या आणि वही दाखवली,
एकतीस वर्षांची, रोज संध्याकाळी एक ओळ:
सरोवर जागेवर.
सरोवर जागेवर.
मध्ये एकदा: सरोवर जागेवर, नातू झाला.
मी विचारलं, काही घडलंच नाही तर कशाला लिहायचं?
तो म्हणाला,
न लिहिलं तर सरोवर गेलं की एसेनकुल,
हे खालच्यांनी कसं ओळखायचं?

परतीच्या गाडीत, मांडीवर लॅपटॉप,
मी सगळ्या पातळ्यांच्या बाहेर एक निरोप ठेवला,
कुठलाच आकडा त्याला गिळू शकणार नाही असा.
वाक्य साठवायला जागा नव्हती,
म्हणून फक्त सात.
रोज रात्री साडेआठला सात.
दामिरानं हिशोब केला, बॅटरी नऊ दिवस आधी संपेल.
मग काही न बोलता सही केली.

काल साडेआठला सात आला नाही.
आठ चाळीसला आला.
मधली दहा मिनिटं
कुठल्या पातळीत नोंदवायची,
अजून ठरलेलं नाही.